छपरावरचा दगड आणि ट्रॉलीचा हूक

कुटुंबाच्या या पानावर मुलांचा अभ्यास, आजारपण, लग्नकार्य यांवर पुष्कळ लिहिले जाते. आम्ही आज लोखंडाला लोखंड जोडण्याविषयी लिहिणार आहोत. हसू नका. डोक्यावरचा पत्रा, चुलीवरची कढई, लेकरांची सायकल, गोठ्यातली कडबाकुट्टी, उसाची ट्रॉली यांचा आपल्याशी रोजचा संबंध आहे आणि यातली प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या जोडावर उभी आहे. जोड चुकला की काय होते ते आमच्या घराने पाहिले आहे. म्हणून हे लिहिणे.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. धाराशिव जिल्ह्यात, उमरगा-लोहारा भागात, रस्त्याकडेला आमचे वेल्डिंगचे लहानसे दुकान आहे. थोरला आयटीआयचा फिटर, धाकटा वेल्डर. आमच्या आज्याला नांगराचा फाळ शेवटून आणायचा असला तर लोहाराच्या ऐरणीपासून चार हात लांब उभे राहावे लागे. भात्याला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच आज्याच्या नातवांच्या हातात सरकारी संस्थेने कानस आणि पाना दिला. १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, तिचा हा लाभ. पण खरे सांगायचे तर जोडाचे पहिले धडे आम्हाला आयटीआयने दिले नाहीत. ते भूकंपाने दिले.

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन उरकून लोक नुकते झोपले होते. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ-दहा हजार माणसे गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले, पण आपल्याकडचे सास्तूर आणि भोवतालची गावेही तशीच जमीनदोस्त झाली होती. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचे जड माळवद. माणसे धक्क्याने मेली नाहीत, डोक्यावरच्या ओझ्याने मेली. तेव्हा थोरला चौदा वर्षांचा होता, धाकटा अकरा वर्षांचा. आमच्या घराची एक भिंत गेली, आम्ही वाचलो. माळवद मात्र आबांनी त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने उतरवले.

पुढे पत्र्याचे शेड उभे राहू लागले आणि आबा त्या कामावर रोजंदारीने जाऊ लागले. अँगल उभा करायचा, आडवा अँगल बोल्टने कसायचा, त्यावर पत्रा. आबांना नवल वाटे की शिकलेली माणसे वेल्डिंग का करत नाहीत. मग एका इंजिनिअरने त्यांना सांगितले की हे शेड कायमचे नाही; उद्या उतरवायचे, दुसरीकडे न्यायचे. वेल्डिंग केले तर कापावे लागेल, बोल्ट असला तर पाना पुरेल. आबांनी ते वाक्य घरी येऊन आम्हाला ऐकवले आणि नंतर जन्मभर ऐकवले. कुठलाही जोड देण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "हे पुन्हा खोलायचंय का रं?"

आमच्या स्वतःच्या घरावरही पत्रे आले. आपल्याकडे पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. आजही कुठल्याही वस्तीतून चालत जा, निम्म्या घरांवर दगड दिसतील. आमच्या मायने मात्र पहिल्याच दिवशी सांगितले, "माझ्या लेकरांच्या डोक्यावर आता एक खडा बी नगं." तिच्या बहिणीचे अख्खे घर दगडाखाली गेले होते. तिच्याशी कोण वाद घालणार? दगड नाही म्हटल्यावर पत्र्याचा सगळा भरवसा हुकांवर आला.

आणि आम्ही हूक चुकीचे लावले. पत्र्याला उंचवटे असतात आणि पन्हळी असतात. पन्हळीत पत्रा अँगलला टेकतो, तिथे भोक पाडायला सोपे, म्हणून आबांनी आणि आम्ही पन्हळीतच भोके पाडली. पहिल्या पावसात प्रत्येक हुकातून घरात धार. पाणी पन्हळीतूनच वाहते, मग ते भोकातून आत येणार नाही तर काय? भोक उंचवट्यावर पाडायचे, तिथून आठ मिलिमीटरचा वाकडा हूक खाली अँगलला अडकवायचा, वर आधी डांबरी वायसर, त्यावर टोपीसारखा लोखंडी वायसर, मग नट. नट इतकाच आवळायचा की वायसर बसावा, पत्रा दबू नये. हे आम्ही घरात पाच भांडी मांडून शिकलो.

दुसरा धडा वैशाखातल्या वळवाने दिला. मधले पत्रे जागेवर राहिले, वळचणीच्या कडेचा पत्रा मात्र अर्धा उचलून फडफडू लागला. वारा पत्रा खाली दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात छपरावरून जाताना तो पत्रा वर ओढतो आणि कडेला, कोपऱ्यात ही ओढ सर्वांत जास्त असते. म्हणून मध्ये दोन हात अंतरावर हूक चालले तरी कडेला ते जवळजवळ हवेत. त्या रात्री आबा पत्र्यावर पालथे पडून होते आणि माय खालून ओरडत होती. सकाळी हुकांची संख्या दुप्पट झाली. तो पत्रा अजून आहे, आता गोठ्यावर. दगड त्यावर कधीच चढला नाही.

आता पत्र्यासाठी स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू मिळतात, त्यांना रबरी वायसर असतो. काम झटपट होते. परंतु सुतळीएवढ्या गंजक्या पट्टीत तो स्क्रू मारून काही उपयोग नाही, त्याला धरायला खाली पुरेसे जाड लोखंड लागते. आणि जस्ताच्या पत्र्याला वेल्डिंगचा टाका तर कधी मारू नका. जस्त जळून जाते, नेमका तिथेच गंज धरतो. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हिवतापासारखी थंडी वाजते. आमच्या धाकट्याला दोनदा झाले. लोक सांगतात दूध प्या, गूळ खा. दुधागुळाने धूर अडत नाही. कामच उघड्यावर करावे, तेही आधी जस्त घासून काढून.

रिबिटाची महती आम्हाला मायच्या कढईने पटवली. जर्मनच्या कढईचा कान ढिला झाला होता. घरात दोन कारागीर, म्हणून तिने कौतुकाने दिली. धाकट्याने पाच मिनिटांत जुनी रिबिटे काढून दोन चकचकीत नटबोल्ट बसवले. पंधरा दिवसांनी वांग्याच्या भाजीत नट सापडला. कढई रोज तापते, रोज निवते, त्यात नट सैल होत जातो. शिवाय बोल्टच्या आट्यांत तेल-मसाला बसतो, तो कितीही घासा निघत नाही, आणि जर्मनला पोलादी बोल्ट लावला, वर चिंचेचे-मिठाचे पाणी लागले, की त्या जागी जर्मन खाल्ले जाते. कढईचा कान कुणाला खोलायचा आहे? तिथे जर्मनचेच रिबीट हवे, गुळगुळीत डोक्याचे, दोन्ही बाजूंनी ठोकून बसवलेले. माय म्हणाली, "आयटीआयला एवढं बी शिकिवलं न्हाई का?" थोरल्याने त्यावर मान वर केली नाही.

घरात पाहा, जिथे खोलायचे नाही पण हलायचे आहे तिथेही रिबीटच दिसेल: कात्री, अडकित्ता, सांडशी. ट्रंकेच्या कडीला रिबीट असते कारण ती चोराला बाहेरून पान्याने काढता येऊ नये. पॉप रिबीट ही त्याची नवी जात. एकाच बाजूने बसते, आत हात घालावा लागत नाही, म्हणून कूलरच्या पत्र्याला, पाट्यांना चालते. मात्र ते पोकळ असते. सरळ ओढ बसली की उपटून येते. त्यावर पाळणा टांगू नका. आमच्याकडे असा पाळणा दुरुस्तीला आला होता. लेकरू सुदैवाने त्यात नव्हते.

मोठ्या कामात रिबीट लाल तापवून ठोकत. निवताना ते आखडते आणि दोन्ही पट्ट्यांना आवळून धरते. पॅरिसचा आयफेल टॉवर १८८९ साली पुरा झाला, त्यात सुमारे पंचवीस लाख रिबिटे आहेत. आपल्या देशातला कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ साली खुला झाला, तोही रिबिटांवरच उभा आहे. आता तशी रिबिटे तापवणारे हात कमी झाले आणि त्या जागी जास्त ताकदीचे बोल्ट आले.

आपल्या जिल्ह्यातही पाहण्यासारखा दाखला होता. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली बार्शीला सुरू झाली आणि १९११ साली लातूरपर्यंत गेली. येडशी, ढोकी ही आपल्याकडची तिची ठाणी. आबा तरुणपणी त्या गाडीने कामाला जात. तिचा "खडाक्-खडाक्" आवाज ते आम्हाला तोंडाने करून दाखवत. तो आवाज जोडाचा होता. दोन रुळांच्या टोकांत मुद्दाम फट ठेवलेली असे, दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून त्या बोल्टने आवळत आणि रुळाची भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवत. तेरा मीटरचा रूळ चाळीस अंशांनी तापला तर सुमारे सहा मिलिमीटर वाढतो, त्याला सरकायला जागा नको का? २००७-०८च्या सुमारास ही लाइन रुंद झाली आणि धाराशिव शहरालाही स्टेशन मिळाले. आता रूळ वेल्डिंगने लांबच लांब सलग जोडतात, चाप आणि सिमेंटचे स्लीपर त्यांना घट्ट धरून ठेवतात, आवाज बराच गेला. काम एकच, रूळ जोडण्याचे. एका काळी बोल्ट बरोबर होता, आता वेल्डिंग बरोबर आहे, कारण भोवतालची व्यवस्था बदलली.

हे सगळे सांगत आम्ही मूळ गोष्ट पुढे ढकलतो आहोत, हे आमच्या लक्षात येते आहे. ती आता सांगतो.

२००४चा जानेवारी. उसाचा हंगाम भरात. रात्री नऊला एक मुकादम ट्रॅक्टर घेऊन दुकानासमोर आला. ट्रॉलीच्या पुढच्या दांडीचा हूक ढिला झाला होता. त्या हुकाचा दांडा जाड पाटीच्या भोकातून मागे निघतो, त्यावर खाचांचा नट असतो आणि खाचेतून स्प्लिट पिन जाते. दांड्याचे आटे झिजले होते, नट धरत नव्हता. खरे काम एकच होते, हूक नवा घालणे. पण नवा हूक सकाळी दुकान उघडल्यावर मिळणार होता आणि टोळी फडात थांबली होती. मुकादम म्हणाला, "मार की वेल्डिंग गच्च, नटासकट." टोळीत आमच्या थोरल्या बहिणीचे घर होते, ती आणि दाजी. त्यांचाही दिवस बुडणार होता.

आबा खाटेवरून म्हणाले, "आरं, ज्यानं ट्रॉली बनीवली त्यानं तिथं नट उगं ठिवला का? त्याला वेल्डिंग येत नव्हतं?" आम्ही ऐकले नाही. नट दांड्याला, दांडा पाटीला, असा चहूबाजूंनी जाड टाका मारला. दिसायला असा भक्कम की मुकादमाने खुशीने दहा रुपये जास्त दिले.

विसाव्या दिवशी भरलेली ट्रॉली चढावर असताना हूक तुटला. ट्रॉली मागे घरंगळली आणि चारीत कलंडली. साखळी लावलेली नव्हती. दाजी मागून चालत होते, चाकाखाली दगड लावायला धावले. उजव्या पायाचा घोटा चाकाखाली गेला. बहीण दहा पावलांवर होती.

तुटलेला तुकडा आम्ही दुकानात आणून पाहिला. टाका जसाच्या तसा होता. टाक्याला लागून, दांडाच तुटला होता, काच तुटावी तसा. पुढे आयटीआयच्या आमच्या सरांनी तो हातात घेऊन समजावले. हुकाचे पोलाद कठीण जातीचे. त्याला आधी तापवले नाही, साधी रॉड वापरली, तीही दमट, आणि थंडीच्या रात्री ते झटकन निवले. त्यामुळे टाक्याच्या शेजारची पट्टी ठिसूळ झाली. तेवढ्याने कदाचित भागलेही असते. पण तो हूक मुळात नटावर थोडा फिरता ठेवलेला असतो, कारण शेताच्या वाटेवर ट्रॅक्टर एका बाजूला झुकतो आणि ट्रॉली दुसऱ्या. आम्ही ते फिरणे बंद केले. मग प्रत्येक खड्ड्यातला पीळ त्या ठिसूळ जागेवर बसत गेला, वीस दिवस. आणि नट असता तर ढिला झालेला दिसला असता, कुणी आवळला असता. वेल्डिंग आतून चिरत असते तेव्हा बाहेरून काही सांगत नाही.

दाजींनी आम्हाला एक शब्द दोष दिला नाही. बहीण त्या वर्षी पंचमीला माहेरी आली नाही. दोन्ही गोष्टी आम्हाला सारख्याच जड गेल्या.

त्यानंतर आम्ही बोल्ट नव्याने शिकलो. बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात, ते आम्ही आधी कधी वाचले नव्हते. ८.८ असेल तर पहिल्या आठाचा अर्थ दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनची ओढ तो तुटेपर्यंत सोसतो, आणि दुसऱ्या आठाचा अर्थ त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत ओढला तरी पुन्हा मूळ लांबीवर येतो. ४.६चा बोल्ट दिसायला तसाच, ताकदीला निम्मा. आणि डोक्यावर काहीच नसेल तर तो काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसते. मोटारसायकल, ट्रॉली, कडबाकुट्टी यांना बिनआकडी बोल्ट आम्ही लावत नाही.

दुसरे, बोल्ट नुसता अडसर म्हणून काम करत नाही. आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि तो ताणच दोन्ही पट्ट्या एकमेकींवर दाबून धरतो. ढिला बोल्ट प्रत्येक धक्का अंगावर घेतो आणि लवकर तुटतो. म्हणून तुटलेल्या बोल्टच्या जागी जाडजूड बोल्ट घालण्याआधी तो ढिला का झाला ते पाहावे. स्प्रिंग वायसर घातला की नट सुटत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली दाखवून दिले की आडव्या हादऱ्याने नट कसा फिरत सुटत जातो. तशा हादऱ्यापुढे तो वायसर फारसा टिकत नाही. जिथे हादरा आहे तिथे आत प्लास्टिकचे कडे असलेला नट, नाहीतर दोन नट एकमेकांवर आवळून, आणि जिथे माणसाचा जीव आहे तिथे खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. पिन किरकोळ किमतीची म्हणून तारेचा तुकडा घालणारे पुष्कळ आहेत.

वेल्डिंगवर आमचा राग नाही, पोट त्यावरच चालते. खिडकीची जाळी, फाटक, पाण्याच्या टाकीचा घोडा हे साध्या लोखंडाचे, न खोलायचे, फारसे न हादरणारे काम आहे. तिथे वेल्डिंगसारखा जोड नाही. फक्त बिडाच्या वस्तूला, गाडीच्या पाट्याला, कठीण पोलादाला "एक टाका मारा" असे कुणी म्हटले की आमचा धाकटा मशीन बंद करून बसतो. गिऱ्हाईक रागावून पुढच्या दुकानात जाते. जाऊ द्या म्हणतो.

आमचा भाचा, त्याच दाजींचा मुलगा, आता पवनचक्क्यांच्या कामावर आहे. आपल्या बालाघाटाच्या माथ्यावर भूम-वाशीच्या बाजूला त्या दिसतात. त्याने सांगितले की मनोऱ्याचे नळकांडे तुकड्यातुकड्याने येते, आणि प्रत्येक तुकडा कारखान्यात वेल्डिंगने बनलेला असतो. डोंगरावर मात्र ते तुकडे आतल्या गोल कड्यांना बोल्ट घालून एकमेकांवर बसवतात, यंत्राने मोजून आवळतात आणि काही दिवसांनी पुन्हा तपासतात. एकाच मनोऱ्यात दोन्ही जोड, ज्याच्या-त्याच्या जागी. आबा असते तर त्यांनी त्याला वरपर्यंत चढायला लावून बोल्ट मोजायला सांगितले असते.

दाजी आता आमच्या दुकानातच बसतात. पाय अधूच राहिला, फडावर जाणे तेव्हाच संपले. दुकानातून कुठलेही काम बाहेर जाण्याआधी ते लहान हातोडीने प्रत्येक बोल्टवर ठोका देतात आणि कान लावतात. घट्ट बोल्ट खणखणतो, ढिला बोल्ट बद्द बोलतो. त्यांनी हे कुणाकडून शिकले नाही.

परवा एक तरुण कडबाकुट्टीचे चाक घेऊन आला. चाकाला दोन पाती असतात, एका पात्याचे दोन बोल्ट तुटले होते. म्हणाला, पाते वेल्डिंगनेच चिकटवा, पुन्हा कटकट नको. आम्ही काही बोलण्याआधी दाजी म्हणाले, "पातं धारेला काढायचं न्हाई का परत? आन् फिरता फिरता निसटलं तर कुनाच्या पोटात जाईल?" घरी कुट्टी कोण करते विचारले तर म्हणाला, आई करते. मग दाजींनी त्याला तुटलेला बोल्ट दिला आणि याच मापाचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले बोल्ट आणायला उमरग्याला पाठवले. तासाभराने तो चार बोल्ट घेऊन आला. दाजींनी चष्मा लावून एकेक फिरवून पाहिला. डोकी कोरी होती. त्यांनी ते पुडीत बांधून त्याच्या हातात परत ठेवले. पोरगा चिडला, पण गाडीला किक मारून पुन्हा उमरग्याच्या रस्त्याला लागला. चाक तोवर आम्ही दुकानात ठेवून घेतले.